लिस्बनमधली पेज

वसईतल्या पाचूबंदरच्या पास्कल नाखव्याला खोटारडा म्हणणं म्हणजे सुक्या बोंबलाला खारट म्हणण्यासारखं आहे. तो खऱ्यालाच मीठ लावून जरा वाळवत ठेवी, इतकंच. एकदा म्हणे एका पापलेटाने त्याची होडी अर्नाळ्यापर्यंत ओढत नेली आणि किल्ल्यापाशी पोचल्यावर भाडं मागितलं. पास्कलने घासाघीस करून निम्मं दिलं.

पण त्याच्या काही गोष्टी खऱ्याही असत. त्या कोणत्या, हे एका फिलोमिनालाच ठाऊक. जाळी सांधायच्या मांडवात ती उपड्या टोपलीवर बसून बोंबील साफ करी. नवऱ्याने मध्येच एखादी खरी गोष्ट काढली, की मान वर न करता म्हणे, "ह्ये झालेलं हां." मग मांडव गप्प होई. फिलोमिना गेली आणि सगळ्याच गोष्टींवर सारखंच हसू येऊ लागलं. टोपली तशीच राहिली. तिच्यावर बसायला कुणी धजत नसे. एक तरी गोष्ट कुणी खरी मानावी, एवढंच आता पास्कलला हवं होतं.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात मुलगा ऑस्टिन आणि सून प्रीतल त्याला पोर्तुगालला फातिमामातेच्या यात्रेला घेऊन गेले. परतीच्या वाटेवर लिस्बनमध्ये एका भाड्याच्या घरात काही दिवस मुक्काम. आणि लिस्बनला तेव्हा युरो कप फुटबॉलचं वारं शिरलं होतं. खिडकीखिडकीत लाल-हिरवे झेंडे. पास्कलला वाटलं, होड्यांचा सण आहे. पण होड्या कुठे दिसेनात.

घरमालक मानुएल त्याच्याच वयाचा, एकटा. दोघे संध्याकाळी पायरीवर बसत. पास्कल "पाव" म्हणाला की मानुएल पाव आणी, "मेज" म्हटलं की मेजावर थाप मारी, "चावी" म्हटलं की खिशातून चावी काढून दाखवी. हे शब्द पोर्तुगीजांनीच मागे वसईत सोडलेले. पण पाव, मेज आणि चावी एवढ्यावर गोष्ट किती लांबणार? पापलेटाची गोष्ट भाड्यापर्यंत येऊन अडली. ऑस्टिनला सांगावं तर तो म्हणे, "पप्पा, ती ऐकलीय."

पोर्तुगाल-ग्रीस फायनलच्या दिवशी ऑस्टिन-प्रीतल चौकातल्या मोठ्या पडद्याकडे निघाले.

"पप्पा, गर्दीत तुमचे गुडघे टिकायचे नाहीत. तुम्ही इथेच बघा हां."

गल्लीत कुणीतरी खिडकीत टीव्ही ठेवला. अख्खी गल्ली खुर्च्या घेऊन बाहेर आली. ओरडायचे तेव्हा सगळे एकदम, शिव्या द्यायच्या तर त्याही एकसुरात. पास्कलला यातलं काही कळेना, पण मानुएल उठला की तोही उठे, मानुएल डोकं धरी तेव्हा तोही धरी. मग ग्रीसवाल्यांनी एक गोल मारला. तेवढाच.

मॅच संपली. टीव्ही बंद झाला. कुणी भांडलं नाही, कुणी बोललं नाही. आपापली खुर्ची उचलून जो तो आत गेला. मानुएल टोपी तोंडावर धरून रडत होता. असली शांतता पास्कलने पाचूबंदरात दोनदाच ऐकली होती. दोन्ही वेळा होडी परतली नव्हती.

सकाळी मानुएलचं दार बंद. रोजचा कॉफीचा वासही नाही. पास्कलने सुनेच्या पिशवीतले तांदूळ काढले.

"काय करताय पप्पा?"

"पेज. त्याची चूल पेटली नाय."

"अहो, मॅच हरलेत ते! कुणी मेलेलं नाहीये!"

"ते रडनाऱ्याला विचार, बाय."

पाचूबंदरची रीत अशी, की दुःखाच्या घरी शेजाऱ्याने पेज न्यायची आणि घरातला माणूस जेवेपर्यंत गप्प बसायचं. पास्कल टोप घेऊन गेला. सोबत घरून आणलेले दोन सुके बोंबील, भाजून. मानुएलने टोपाकडे पाहिलं, पास्कलकडे पाहिलं, आणि जेवायला बसला. आयुष्यात पहिल्यांदा पास्कल तोंड मिटून बसला होता. जेवून झाल्यावर मानुएलने खिडकीतला लाल-हिरवा मफलर काढला आणि त्याच्या गळ्यात घातला.

पाचूबंदरात परतल्यावर मांडवात पास्कलने हीच गोष्ट सांगितली. मीठ न लावता. मफलर मांडीवर ठेवून.

आधी जाळं सांधत बसलेली सालोमी हसली. "बॉल जाळ्यात गेला म्हनून म्हातारा रडला? आन तुम्ही पेज नेली? नाखवा, यापेक्षा तुमचा पापलेट बरा!"

"आन हा मफलर?"

"असले मफलर वसई स्टेशनाभाईर टांगलेले असतात."

पास्कलने टोपलीकडे पाहिलं. मग घसा खाकरला.

"बरं, मग ऐका. त्यांचा गोलकीपर माझ्याकडे आला. म्हनला, नाखवा, जाळं फाटलंय. बघतो तर एवढी मोठी भोकं! मी बसून सांधून दिलं. इतकं घट्ट, की ग्रीसवाल्यांचा बॉल आत गेला तो निघंचना. शेवटी सुरी मागवली..."

मांडव खदखदला. दिनानाथने तर हातातली सुतळी टाकली. हसून हसून डोळ्यांत आलेलं पाणी पुसत तो म्हणाला, "आन नाखवा, ती पेज? ती तरी खरी काय?"

पास्कलने मफलरची घडी केली, पुन्हा एकदा केली.

"छ्या," तो म्हणाला. "तेवढी थाप होती."