दोघांनी ‘साफ’ म्हटलेली टाकी

मित्रांनो, मी एक जुना टॅबलेट आहे. भिलाईच्या वैशाली नगरात राहतो. माझी काच ओरखड्यांनी भरली आहे. त्यातले बहुतेक दहा वर्षांच्या भूमिकेच्या नखांचे.

आमचा एक खेळ होता. त्यात जुन्या पुलांचे, पाण्याच्या टाक्यांचे फोटो येत. ओलीचा डाग कुठला आणि भेग कुठली, हे संगणकाला ठरवता येत नसे. म्हणून तो मुलांना विचारी. दोन घरांतल्या दोन मुलांचं उत्तर जुळलं, की दोघांना तारा मिळे आणि तो फोटो ‘तपासला’ म्हणून कायमचा बंद होई. भूमिका आधी प्रत्येक फोटो मोठा करून-करून बघे. तेव्हा मला फार अभिमान वाटे.

मग विश्वकर्मापूजा आली. आमच्या घरी त्या दिवशी हत्यारांना कुंकू लावतात आणि दिवसभर हात लावत नाहीत. कारखान्यातून निवृत्त झालेल्या केवलराम आबांनी सकाळीच हातोडी, नट आवळायचे पाने मांडले आणि पूजेसाठी मलाही मागितलं.

“आबा, पाच मिनिट! पन्नास फोटो निपटू द्या,” भूमिका म्हणाली.

जवळच्या अहिवारा गावातला तिचा मामेभाऊ कौस्तुभ फोनवर होता. खेळात तोच तिचा जोडीदार.

“सगळ्यावर ‘साफ’ दाब,” तो म्हणाला.

“न पाहताच?”

“पाहून कोन्तं मेडल भेटून राहिलं तुले?”

साफ. साफ. साफ. ताऱ्यांवर तारे.

“अवं थांब माय!” आबा मागून ओरडले. “तो डाग नव्हता. भेग होती!”

फोटो गेला होता. एका टाकीचा. खाली तीन लहान सायकली टेकवलेल्या. गावाचं नाव नव्हतं. मागं जायचं बटणही नव्हतं.

त्या दिवशी आबांनी मला पूजेत ठेवलंच नाही. माझ्यावरूनच भूमिकेकडून खेळवाल्यांना पत्र लिहवून घेतलं. दोन दिवसांनी उत्तर आलं : ‘दोन्ही खेळाडूंचं एकमत आहे. चित्र पूर्ण झालं. अभिनंदन!’

आता शाळेच्या वाटेवर भूमिका प्रत्येक टाकीखाली थांबते.

“चाल वं, ही ते टाकी नाही,” आई हात ओढते.

“कशावरून?”

आई हात सोडते. तीही वर बघते.

मित्रांनो, तो फोटो माझ्याच काचेवरून गेला. पण मला भेग कळत नाही. म्हणून तर तुम्हा मुलांना विचारलं होतं. तुमच्या वस्तीत टाकी असेल, तर नीट वर बघा. नुसता डाग वाटला तरी मोठ्यांना बोलवा. आणि ती भेगेची टाकी सापडलीच, तर भूमिकेला कळवा. ती मला रोज उघडते. खेळत नाही.