माहेरचा पत्ता

'या तालुक्यात दाता आढळला नाही.'

रक्तदाता मंडळाच्या संकेतस्थळासाठी हे वाक्य पुष्पांजलीनेच लिहिलं होतं. आज एक माणूस तेच तिला फोनवर वाचून दाखवत होता.

"ताई, तिसऱ्यांदा दाबलं. हेच येऊन राह्यलं."

त्याचं नाव प्रेमानंद. मूळचा लोणारचा, खामगावात नोकरीला. बायको धम्मशीला सकाळपासून दवाखान्यात. बाळ अजून पोटात आणि रक्त जाणं थांबत नव्हतं. गट ओ निगेटिव्ह. एक तरी पिशवी हाताशी असल्याशिवाय डॉक्टर पोट उघडायला तयार नव्हते, आणि दुपारी दोनच्या पुढे थांबताही येणार नाही म्हणत होते. अकोल्याला, बुलढाण्याला विचारून झालं होतं. दाता मिळाला तरी रक्तपेढीत तपासण्यांना दीड तास लागणार. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"दादा, फोन ठेवू नका," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा हळू होता.

मंडळाचे सगळे दाते एकाच एक्सएमएल फाइलीत होते. प्रत्येकाची एक नोंद आणि नोंदीत नाव, गट, गाव, तालुका, मागच्या रक्तदानाची तारीख, फोन, सगळं आपापल्या खुणांमध्ये, म्हणजे नाव लावलेल्या कप्प्यांत. गट आणि तालुका निवडला की बाकीच्या नोंदी गळून जायच्या. चार महिन्यांच्या आत रक्त दिलेलेही गळायचे. उरलेल्यांत ज्याने सर्वांत आधी दिलं तो वर. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

तिने तालुक्याची अट काढून टाकली. आता जिल्ह्यातले चार ओ निगेटिव्ह समोर आले.

पहिला सुरतेला गेलेला. दुसऱ्याला नुकतीच कावीळ होऊन गेली होती. उरल्या दोघी, चांगुणा आणि करिष्मा. दोघींचं गाव सुलतानपूर, दोघींची तारीखही एकच, भाऊबीजेचा दुसरा दिवस. सुलतानपूरहून खामगाव म्हणजे अडीच तास. हिशेब जमत नव्हता. तरी तिने मंडळाच्या दुसऱ्या फोनवरून सुलतानपूरच्या किसनरावांना गाठलं. तिथलं रक्तदान शिबिर त्यांनीच भरवलं होतं, गाडीही तेच जमवू शकत होते.

"काका, चांगुणा आणि करिष्माला गाडीत बसवा. आत्ताच्या आत्ता."

"कोठून बसवू व? त्या इथं कुठं हायेत?"

"गाव सुलतानपूर लिहिलंय, काका."

"लिहिलं असन. भाऊबीजेले पोरी माहेरी येतात, म्हणून तं आपण शिबिर तवा घेतलं. गाव इचारलं का पोरगी माहेरचंच सांगते. बापाच्या ओट्यावर बसून सासरचं नाव कोण सांगन?"

त्या दिवशीचे अर्ज पुष्पांजलीनेच फाइलीत चढवले होते. शंका आली नव्हती, कारण गाव विचारल्यावर तीसुद्धा तेच करते.

"मग राहतात कुठं?"

"करिष्मा नाशिकले. अन् चांगुणा तं तुमच्याकडंच, सुटाळ्यात दिली ना!"

सुटाळा खामगावातल्या तिच्या खिडकीपासून पंधरा मिनिटांवर होतं.

चांगुणाने फोनवर सगळं ऐकून घेतलं. "येईन ना, ताई," ती म्हणाली आणि थांबली. "पण आज चतुर्थी हाय. माही निर्जळी असते. चंद्र पाहिल्याबिगर पाणी नाही. उपाशी माणसाचं रक्त घेतात का?"

"नाही घेत."

"एकवीस धरल्या, ताई. आजची एकोणिसावी. पहिली धरली तवापासून पोराले फिटचा एकदाबी झटका आला नाही."

पुष्पांजलीच्या तोंडातही सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता. देव समजून घेतो, असं बोलायला सोपं होतं. तिच्याने बोलवेना.

"माझीही चतुर्थी आहे," ती हळूच म्हणाली. "देव काय म्हणेल ते मला माहीत नाही. ती बाई चोवीस वर्षांची आहे, एवढंच माहीत आहे."

टेबलावरच्या पहिल्या फोनमधून प्रेमानंद विचारत होता, "ताई? आहात ना?"

मग सुटाळ्याच्या फोनवर दुसराच आवाज आला, खरखरीत. "कोण बोलते? मी मनकर्णाबाई, हिची सासू. कोणाची पोर अडली?"

"लोणारकडची आहे, आजी. पहिलं बाळंतपण."

"मंग बोलत काय बसल्या दोघी?" आवाज वळला. "चांगुणा, भाकर खाय."

"अन् पोराले काही झालं तं?"

"पोराले त्यानं सांभाळलं, का तुह्या भुकेनं? एकवीस पुन्हा पहिल्यापासून धरू. मीबी धरीन तुह्यासंग. गणपतीले काय घाई हाय?"

मग ताट ठेवल्याचा आवाज आला.

बारा वाजता चांगुणा रक्तपेढीत पोचली, सासूसकट. पुष्पांजली आधीच दारात उभी होती. खाऊन थोडा वेळ जाऊ द्यायचा म्हणून वीस मिनिटं बसवलं. ती वीस मिनिटं दवाखान्यातून आलेला प्रेमानंद जिन्यावर वरखाली करत राहिला. बोटाला सुई टोचली. हिमोग्लोबिन निदान साडेबारा हवं. तपासणाऱ्याने यंत्राकडे पाहिलं, पुसून पुन्हा थेंब घेतला.

"बारा पॉइंट सात. घ्या आत."

एक वाजून पन्नास मिनिटांनी प्रेमानंद थंड डबा छातीशी धरून बाहेर पळाला. चपलेचा एक पाय मागेच राहिला.

चांगुणा भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. मनकर्णाबाईने पदराने तिचा घाम पुसला. पावणेतीनला फोन वाजला. प्रेमानंदला बोलता येत नव्हतं, मागून नर्सच सांगत होती, "मुलगी झाली. आई डोळे उघडून पाहतेय, सांगा त्यांना."

चांगुणाने एकदाच मान हलवली आणि रिक्षा विचारली. पोरगा शाळेतून यायची वेळ झाली होती.

पुष्पांजली परत येऊन फाइलीसमोर बसली. प्रत्येक नोंदीत तिने एक नवी खूण उघडली, 'सध्या राहणं', आणि तालुक्याचा शोध त्यावरूनच चालेल असं केलं. शिबिरात एकेचाळीस बायका होत्या. एकेकीला फोन करून विचारायचं होतं. पहिली होती तानाबाई.

"लिहून घ्या, देऊळगाव राजा," तानाबाई म्हणाली. मग जरा घुटमळली. "पण ताई, सुलतानपूर खोडू नका."

"नाही खोडत," पुष्पांजली म्हणाली, आणि तिने पुढचा नंबर लावला.