अठरा किलोचा सर्वो

अमरावतीत पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या सूर्यभान वानखडेला दिवसातून चार वेळा एकच भाषण करायची सवय होती. त्या मंगळवारी ते मोर्शीच्या नत्थुजींच्या वाट्याला आलं. त्यांची साडेसात हॉर्सपॉवरची मोटर काळीठिक्कर होऊन टेबलावर पडली होती.

"नत्थुजी, तुमच्या डीपीवरच्या ट्रान्सफॉर्मरचा जीव केवढा, अन् तुमी मोटर लावली केवढी! ती सुरू झाली की व्होल्टेज पडते, लाईनच बसते. कितीदा सांगतलं, लाईन पाहून मोटर घ्या."

"संत्र्याले पानी लागते ना भाऊ. म्हटलं, मोठी असली म्हंजे चिंता नाई."

"मोठी असली म्हंजे चिंता नाई!" सूर्यभानने नक्कल केली. मग मोटारीला पुठ्ठ्याचं लेबल बांधलं, नाव लिहिलं, आणि 'कारण' या शब्दापुढे नेहमीचंच वाक्य खरडलं: गिऱ्हाईक ऐकत नाही.

असा हा शहाणा माणूस. आता याच शहाण्याने त्याच शनिवारी काय केलं ते ऐका.

त्याची मुलगी आचल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. बापलेकीने चार महिने खपून दगडांवर चढणारी रिमोटची गाडी बांधली होती, आणि रविवारी अकोल्याला तिची स्पर्धा होती. या गाडीत डिग नावाचा एक भाग असतो. तो लावला की मागची चाकं जाम होतात, पुढची ओढत राहतात, आणि गाडी अडचणीतही जागच्या जागी वळते. तो लावायला-काढायला एक बारकी मोटर लागते. तिला सर्वो म्हणतात. तो कोणता घ्यायचा यावर आचलने आठवडाभर वही काळी केली होती.

"पाच किलो जोराचा पुष्कळ झाला, बाबा," ती म्हणाली होती. "याले फक्त एक दांडी सरकवाची हाय. जोर लागते तो स्टिअरिंगच्या सर्वोले. अन् दोघायले करंट एकाच जागेवरून भेटते, हे ध्यानात ठेवा."

सूर्यभानने मान डोलावली होती. मनात म्हणाला, पाच किलो! पाच किलोत तर भाजीची पिशवी भरते. आणि गुपचूप त्याच मापाचा, पण अठरा किलो जोराचा सर्वो मागवून मोकळा झाला.

शनिवारी दुपारी पोरगी कॉलेजात असताना त्याने तो बदलला. तेवढ्यावर थांबला असता तर सूर्यभान कसला? तिच्या सर्वोचं लेबल अलगद सोलून त्याने नव्यावर चिकटवलं आणि तिचा सर्वो खिशात टाकला. मग टेबलावर डिग लावून पाहिला, काढून पाहिला. झकास! टेबलावर तर भंगारातली मोटरही फिरते, हे तो गिऱ्हाइकांना नेहमी ऐकवायचा. स्वतःला ऐकवायचं राहून गेलं.

बरं, हे पहिल्यांदा नव्हतं. बारावीत आचलने प्रदर्शनासाठी मोटरवर फिरणारी पवनचक्की केली होती. तीत याने तिला न विचारता मोठी मोटर बसवली आणि परीक्षकांसमोर पाती उडाली. "वारा जास्त होता," असं हा म्हणाला होता. खरं कळल्यावर पोरगी दीड वर्ष दुकानाची पायरी चढली नाही. ते दीड वर्ष त्याला फार जड गेलं. या गाडीमुळे ती परत आली, तेव्हा त्याने बायकोसमोर कान धरले होते, पोरीच्या कामात हात घालनार नाई म्हणून. कान जागेवर होते, शपथ तेवढी हवेत विरली होती.

अकोल्याबाहेरच्या बंद गिट्टीखदानीत स्पर्धा होती. पहिल्या फेरीत आचलने दगडांवर रोवलेल्या खांबांची तीन फाटकं अशी काढली की लोक मोबाईल काढून उभे राहिले. चौथ्याशी दगड आडवा होता. तिने डिग लावला, स्टिअरिंग पूर्ण वळवलं, आणि गाडी मेली. गाडीचे दिवे गेले, आले, पुन्हा गेले. फेरी संपली.

सूर्यभानला क्षणात कळलं. वीस वर्षं हेच तर पाहत होता तो. अठरा किलोच्या सर्वोने करंट ओढून घेतला आणि लाईन बसली होती!

आचल गाडीपाशी उकिडवी बसली. "माझंच जॉइंट कच्चं राहिलं असंन, बाबा. काल घाईच केली मी."

आणि सूर्यभानने, काय सांगावं, चक्क मान डोलावली! "होते असं कधी कधी," असंही म्हणाला.

तिने सोल्डरिंग गन डब्यात टाकली. "नाई जमत मले. उद्यापासून तुमीच पाहा. मी नाई येत दुकानात."

सूर्यभान तिच्यासमोर खाली बसला. त्याने खिशातून बिनालेबलचा पाच किलोचा सर्वो काढला आणि तिच्या हातावर ठेवला.

"जॉइंट चांगलं हाय तुह्यं. हा तुहा सर्वो. मी बदलला. लेबलबी मीच चिकटवलं. बुद्धी भ्रष्ट झाली माही."

तिने सर्वो उलटसुलट करून पाहिला. सूर्यभानला वाटलं, आता खदानीतला एखादा दगड येतो.

"काहून केलं, बाबा?"

"मले वाटलं... मोठा असला म्हंजे चिंता नाई."

बोललेलं स्वतःच्याच कानावर पडलं आणि त्याला नत्थुजी आठवले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पवनचक्कीच्या वेळेस वारा जास्त होता म्हने," आचल म्हणाली.

"आज वारा नाई," तो म्हणाला.

तिला हसू आलं. ते तिने दाबलं, पण त्याने पाहिलं. मग तिने पाना मागितला आणि त्याला हात मागे बांधून लांब उभं राहायला सांगितलं. दुसऱ्या फेरीत गाडी त्याच दगडाशी आली, पाच किलोच्या सर्वोने मुकाट्याने दांडी सरकवली आणि गाडी गर्रकन वळली. पहिली फेरी वाया गेल्यामुळे नंबर चौथा आला. स्पर्धा संपली तरी सूर्यभानने मागे बांधलेले हात सोडले नाहीत.

सोमवारी नत्थुजी मोटर न्यायला आले. आचल त्यांच्याच मोटारीला शेवटचे पेच आवळत होती. शेजारी खिळ्याला तो अठरा किलोचा इवलासा सर्वो लटकत होता, पुठ्ठ्याच्या लेबलासकट. नत्थुजींनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "नाव, सूर्यभान वानखडे. तक्रार, लाईन बसवते. कारण, गिऱ्हाईक ऐकत नाही."

"हे कोन्तं गिऱ्हाईक, भाऊ?"

"हाय एक मूर्ख," सूर्यभान म्हणाला.

नत्थुजी पोट धरधरून हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "बरं, मले आता सांग, पुढच्या हंगामाले कितीची मोटर घेऊ?"

सूर्यभानने भाषणासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. मग नत्थुजींचं स्टूल आचलच्या टेबलाकडे सरकवलं.

"तिले विचारा," तो म्हणाला.