सुपारीचं प्यादं

आयक वं, मधात बोलू नको, नुसती आयक. एक सुपारी होती — लाल प्याद्याईच्या रांगेत, एका अंगानं अडकित्त्याचा चरा पडलेली — अन् कमलीबाई सकाळपासून तिच्याकडंच पाहून राह्यली होती. पट प्रयागबाई पाटलीनीचा, मोहरे हस्तिदंती. एक प्यादं कवाचं हरवलं म्हनून त्याच्या जागी सुपारी. लाल बाजू पाटलीनबाईनंच हसत हसत तिच्याकडं सरकवली. तुले काय वं वांगेवाली, म्हने, तुले सुपारीही चालते. मांडवातल्या साऱ्या बाया हसल्या, कमलीबाईही हसली, अन् मंग मनात म्हने... काहून हसली मी?

कारंज्याच्या कापसाच्या जिनात मांडव, वर कापडावर लिहिलेलं — वऱ्हाड महिला बुद्धिबळ अजिंक्यपद, १९४०. हा शेवटचा डाव, पाटलीनबाईसंग. जिंकन ती अख्ख्या वऱ्हाडात पहिली. अन् शिकली कुठं, तं मळ्यात! एक वाफा भरेपर्यंत मातीवर घरं आखायची, भेंडीचा उंट, मिरचीचं प्यादं, समोर सासू आवडाबाई — जिनं सुनेले एकही डाव फुकट देल्ला नाई. त्याच सासूनं आज बैलगाडीत सांगतलं, जिंकशील तं जिंक, पन वजिरानं मार. प्याद्यानं मात म्हंजे मोठ्याची गावभर फजिती, अन् आपल्या मळ्याले पानी पाटलीनीच्याच विहिरीचं.

अन् आता पाहा — वजीर एक घर सरकला तरी मात, सुपारी एक घर सरकली तरी मात. पाटलीनबाईलेही दिसलं. तिनं पदर सारखा केला, पटावर वाकली, हळूच बोलली, “वजीर उचल, कमले. कायचा इचार करून राह्यली? उन्हाळा यायचाच आहे अजून.”

उन्हाळा... मागच्या उन्हाळ्यात पान्याची पाळी आमची अन् मोट हिनं थांबवली, तीन दिवस, वांग्याची झाडं माना टाकून — अन् बांधावर आवडाबाई, जिनं भेंडीच्या उंटानं मले शंभरदा हरवलं ते बाई, हात जोडून उभी... तवा पाटलीनबाई सुपारी कातरत होती, ओट्यावर, कातर कातर, वर पाह्यलंही नाई...

हात वजिरावर गेला होता वं. लागला नव्हता. लागला असता तं तोच चालवा लागला असता, तसा पंचाईचा नेम. तिनं मान वळवून पाह्यलं. आवडाबाई मागच्या रांगेत, पदर दातात धरून — अन् डोळे वजिरावर नाई, सुपारीवर.

कमलीबाईनं हात मांगं घेतला. मंग एक बोट, नुसतं एक, सुपारीवर ठेवलं. चरा बोटाले लागला, खरबरीत. पाटलीनबाईचा श्वास आयकू आला. वाफा भरल्यावर माती बसते, तसं बोट तिथंच बसलं. पानी? पाहू ना पानी. आता हे बोट हलनार नाई, हललं तं पुढंच...

तू असती त्या पटासमोर, पानी तिचं अन् सुपारी तुई — तं सांग, तू काय उचललं असतं?