मानाचा उंदीर

गुंडाळलेल्या पडद्याच्या टोकाशी नाक नेऊन गोकुळाबाईने श्वास ओढला आणि हात वर केला. दोर सोडायला वाकलेली माणसे तशीच थांबली.

"आत कोणी तरी हाय," ती म्हणाली.

"कोण राहीन?" भूपेशने विचारले.

"उंदीर. अन् एकटा नाई. घर मांडून बसला हाय."

वडशाच्या कडेला, भातगिरणीच्या मागे, नाट्यमंडळाचे गोदाम होते. दिवाळी सरली की या भागात गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, भरू लागतात, आणि मंडई म्हटली की नाटक आलेच. हंगामाचा पहिला खेळ त्याच दिवशी आरमोरीकडच्या एका गावात होता. दुपारी गाडी निघायची होती. भूपेश मंडळाचा मालक. वडिलांमागे मंडळ त्याच्याकडे आले, त्याबरोबर पेट्या, तलवारी, मुकुट, रंगवलेले पडदे आणि पडदे सांभाळणारी गोकुळाबाईही आली. नाटकाच्या जाहिरातीत तिचे नाव कधी छापून आले नव्हते. पण राजवाडा कधी खाली यायचा आणि जंगल कधी वर जायचे, हे तिच्या हातातल्या दोराला ठाऊक होते.

"मी पावसाळ्यातच म्हटलं होतं," भूपेश म्हणाला. "औषधाच्या वड्या टाकू म्हणून."

"औषध खाऊन तो मरते कुठी? पडद्याच्या आत. जित्ता उंदीर धागा खाते, मेलेला उंदीर रंग खाते. नासलेला रंग मंग मी कुठून आणू?"

उंदरांशी तिची जुनी, शिस्तीची लढाई होती. विष नाही. पिंजऱ्यात भाजलेली सुकट, कारण तिच्या वासाला उंदीर नाही म्हणत नाही. कापडाला लावायच्या खळीत वेखंडाची पूड. गुंडाळीच्या पदरापदरात निंबाचा सुका पाला. आणि गोदामाच्या छपरात एक लांबलचक धामण. तिला कोणी हात लावायचा नाही, हा जुन्या मालकापासूनचा नियम. मंडळातले नट तिला कंपनीची बिनपगारी कलाकार म्हणत.

यंदा पावसाळ्यात भूपेशने अर्धे गोदाम धान ठेवायला भाड्याने दिले. हमालांनी पहिल्याच दिवशी धामणीला काठ्या घेऊन पळवले. धान आले, धामण गेली. पुढचे वेगळे सांगायला नको.

दाराशी पुठ्ठ्याची एक लांब नळी उभी होती. तिच्यात फ्लेक्सवर छापलेला नवा राजवाडा होता. भूपेशने तिच्याकडे पाहिले, मग गोकुळाबाईकडे.

"साफ सांगतो, बाई. पडदा चांगला निघाला तर आज तोच लावू. खराब निघाला तर फ्लेक्स. अन् मंग हे सारेच पडदे धानावर झाकाले देऊन टाकतो. दर वर्षी हे उंदरांचं लचांड नको मले."

"बरं," गोकुळाबाई म्हणाली. "सोडा दोर. हळू."

पडदा उलगडू लागला. आधी निळे आकाश, मग कमानी, मग झुंबर. झुंबराखालून एक उंदरीण सुटली आणि दाराकडे धावताना रूपालीच्या पायावरून गेली. रूपाली मंडळाची नायिका. तिने केलेली उडी पाहून तबलजी म्हणाला, "एवढी उडी तिसऱ्या अंकात मारत जा ना वो!"

"तुमच्या पायावरून जाऊ द्या, मंग पाहतो तुमचा ठेका," रूपाली म्हणाली.

आणखी एक वेढा उलगडला आणि घर सापडले. पडद्याच्याच धाग्यांचे मऊ घरटे, आणि त्यात डोळे न उघडलेली लाल पिल्ले. गोकुळाबाईने ती घरट्यासकट सुपात घेतली, गिरणीमागच्या भातपेंढ्याच्या, तणसाच्या ढिगात ठेवली आणि परत आली.

"ठेवून काऊन आल्या, मावशी?" रूपालीने विचारले. "उद्या मोठे होऊन इथीच येतीन."

"धामण त्याच ढिगात राह्यते आता. तिचं काम मी काऊन करू?"

मग तिने भोक पाहिले. सिंहासनाच्या पहिल्या पायरीवर, तळहाताएवढे. बाकी पडदा धडधाकट होता. कमानी शाबूत, खांब शाबूत, काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी या टोकापासून त्या टोकापर्यंत शाबूत. उंदरीण तेवढीच जागा निवडून आली होती.

गोकुळाबाईने भोकाच्या कडेवरून बोट फिरवले, बोटाचा वास घेतला. गेल्या हंगामाच्या शेवटच्या मुक्कामी पायरीचा सोनेरी रंग उडाला होता. खेळ तोंडावर होता आणि वेखंडाची पुडी वडशालाच राहिली होती. तिने स्वयंपाक्याच्या पातेल्यातला भात घोटला, त्याची खळ लावली आणि वर रंग दिला. पंगत मांडून ठेवल्यासारखीच गोष्ट झाली ती.

"चूक मायी हाय," ती म्हणाली. "खळ फिकी होती."

भूपेश नळीपाशी गेला. मग म्हणाला, "अन् धान माह्यं." पण त्याने नळीचे झाकण काढले होते.

"गाडी भरेपर्यंत तरी थांब, बाबू."

"ठिगळ दिसते, बाई. आता लाइट लय तेज राह्यतात. नवीन कापड, नवीन रंग, लगेच दिसते."

"नवीन कापड लावतो म्हटलं कोण?"

ती पडद्याच्या डाव्या कडेशी गेली आणि खाली बसली. तिथे, फरशीच्या शेवटच्या चौकटीवर, एक उंदीर रंगवलेला होता. शेपटी पायाभोवती घेतलेला, कान टवकारलेला, पुढचे दोन पाय छातीशी धरलेला. पडद्याची ती कड नेहमी विंगेच्या आड जायची. प्रेक्षकांतल्या कोणी तो उंदीर कधी पाहिला नव्हता.

मंडळाचे पडदे गोकुळाबाईचा नवरा, पोचू पेंटर, रंगवायचा, आणि त्याच्या प्रत्येक पडद्यावर असा एक उंदीर असे. ते त्याने आपल्या गुरूकडून घेतले होते. गुरू म्हणत, कापडावर उंदराला मानाची जागा द्या, म्हणजे तो दुसरी जागा मागणार नाही. पोचूचा यावर विश्वास होता की नव्हता, कोण जाणे. कारण पिंजरेही तोच आणायचा. पण उंदीर काढल्याशिवाय पडदा पुरा झाला असे त्याने कधी म्हटले नाही. राजवाड्याचा पडदा संपत आला तेव्हा त्याने कुंचला बायकोच्या हातात दिला होता. "खळ तू शिजवली, कापड तू ताणलं. उंदीर तू काढ." गोकुळाने आयुष्यात काढलेले तेवढे एकच चित्र. पोचू गेला, तेव्हाही पडदा हंगामाला गेला होता आणि उंदीर विंगेत बसलेला होता.

तिने कात्री घेतली आणि उंदराभोवतीची चौकट कापू लागली.

"मावशी!" रूपाली ओरडली. "काय करून राह्यल्या? तो तर तुमच्या हातचा हाय ना?"

"हो."

"मंग?"

"कोपऱ्यात बसून बसून आंबला असन. येऊ दे पुढं."

कापड तेच होते, रंग त्याच डब्यांतला, त्याच उन्हाधुळीत पिकलेला. चौकट भोकावर नीट बसली, पायरीवर पाट मांडल्यासारखी. गोकुळाबाईचे माहेर तलावाकाठच्या मासेमार ढिवरांचे. जाळे दुरुस्त करावे तसे तिने काठ पकडले. टाका आत, गाठ मागे, कुठे ओढ नाही. मग वेखंड घालून खळ शिजवली, मागून पट्टी चिकटवली आणि तिच्यावर रिकामा तांब्या फिरवत राहिली. कोणी चहा आणून ठेवला. त्यावर साय धरली.

गाडीत पडदाही चढला आणि पुठ्ठ्याची नळीही चढली.

गावात मंडप उभा होता. बाहेर मंडईतली दुकाने अजून उठली नव्हती. जिलबीच्या कढया उकळत होत्या. पडदा चढला. भूपेशने सारे दिवे लावायला सांगितले आणि तो मंचासमोर उभा राहिला. मग मागे मागे सरकत मंडपाच्या शेवटच्या खांबापर्यंत गेला. गोकुळाबाई दोराशी उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिले नाही. ती गाठी तपासत होती.

भूपेश परत आला, मंचाच्या कडेला टेकला.

"जोड कुठी हाय ते मले माहीत हाय, म्हणून दिसते," तो म्हणाला. मग मागे वळून हमालाला म्हणाला, "ते फ्लेक्स गाडीतच राहू दे. अन् वडशाले गेल्यावर धानवाल्याले सांग, पोते उचल म्हणून."

"अन् धामण?" गोकुळाबाईने विचारले.

"तिलेही मानाचा नारळ देऊन बोलावू काय आता?"

"नारळ नको. हात लावू नका, एवढंच."

पहिल्या अंकात दरबार होता. गोकुळाबाई नेहमीसारखी पडद्यामागे पत्र्याच्या पेटीवर बसली, दोर मांडीवर घेऊन. या जागेवरून तिला आजवर पडद्याची पाठच दिसत आली होती. खळीचे डाग, शिवणी, मागून उलटी दिसणारी कमान. आज तिच्या डोळ्यांसमोर, उंदीर होता तिथे, एक चौकोन उघडा होता. त्यातून उजेडाची पट्टी येत होती. ती थोडी वाकली. दोन विंगांच्या मधून राजाचा खांदा दिसला, रूपालीचा शालू दिसला, आणि त्यापलीकडे खाली बसलेली माणसे, मांडीवरची पोरे, गळ्यात मफलर गुंडाळलेले म्हातारे. सगळ्यांचे चेहरे वर, पडद्याकडे.

पुढच्या रांगेत खसखस पिकली. कोणी तरी बोट दाखवले. राजा आपला संवाद म्हणत होता, पण हसू मागच्या रांगांकडे सरकत गेले. रूपालीने ते हेरले. ती सावकाश सिंहासनाकडे वळली, हात जोडले आणि म्हणाली, "महाराज, आपल्या पायाशी हे नवे प्रधानजी कोण?"

हे नाटकात नव्हते. राजाने खाली पाहिले, मिशीवरून बोट फिरवले.

"नवे नाहीत, राणीसाहेब. जुनेच आहेत. आजवर विंगेत बसून राज्य राखत होते."

मंडप हसला आणि मग टाळ्या पडल्या. भूपेश पेटीवाल्याशेजारी उभा होता, तोही हसत होता. पडद्यामागे गोकुळाबाईने पदराने तोंड पुसले आणि पाठ ताठ केली.

अंक संपल्याची शिट्टी झाली. तिने दोर ओढायला घेतला. पडदा खालून गुंडाळत वर निघाला. फरशी गेली, उंदीर गेला, त्याच्या मागोमाग राजाचे सिंहासन गेले. फरशीसोबत उजेडाचा तो चौकोनही गुंडाळीत मिटला, आणि तिने दोराला नेहमीची गाठ मारली.