प्रतापकाकांचे आठ सिलिंडर

ऐक ना देव, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. मी गाडीत, शेजारच्या सीटवर, आणि स्टिअरिंगवर कोण, तर प्रतापकाका. लायसन्स परत करून बसलेले प्रतापकाका! थांब, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तू मलाच शिव्या घालशील.

इथे फिनिक्सजवळ चँडलरला आलो तेव्हापासून मी त्यांच्या घरात मागची खोली भाड्याने घेऊन राहतो. काकांनी आख्खी नोकरी सिटीच्या पाणी खात्यात काढली. नळाला पाणी आलं तर त्यांचं नाव कुणाला आठवणार नाही, नाही आलं तर फोन यांनाच. हायवेला कायम उजव्या, हळू गाड्यांच्या लेनमध्ये. ट्रकवाले वैतागून पुढे निघून जायचे. आणि या माणसाच्या गॅरेजमध्ये काय, तर गडद निळी जुनी मर्सिडीज, आपल्यापेक्षा वयाने मोठी. सहा सिलिंडरची. तिच्यात त्यांना आठ सिलिंडरचं इंजिन बसवायचं होतं.

लतिकाकाकू म्हणायच्या, "साठच्या वर कधी गेले नाहीत हे, आणि आठ सिलिंडर हवेत! कशाला हो? सुपारी फोडायला?"

काका म्हणायचे, "जोरात जायचंय कुणाला? जोर आहे हे माहीत असलं की हळू जायला बरं वाटतं."

रिटायर झाले आणि लागले मागे. फिनिक्सच्या भंगार यार्डात त्याच कंपनीची मोठी गाडी मिळाली, मागून ठोकलेली, पुढचं सगळं शाबूत. तिचं इंजिन आलं. आम्ही दोघांनी जुनं इंजिन साखळीने वर उचलून बाहेर काढलं. गाडीच्या पोटात नुसता खड्डा. आणि त्याच आठवड्यात काकांना स्ट्रोक आला.

छोटा होता रे. हातपाय ठीक, बोलणं ठीक. फक्त उजव्या बाजूचं दिसणं गेलं. डोळा नाही गेला, बाजू गेली. समोर बघत असले की नाकाच्या उजवीकडे काही नाहीच. मान पूर्ण वळवली तर दिसतं. डॉक्टर म्हणाले, ड्रायव्हिंग बंद. काकांनी वाद घातला नाही. स्वतः जाऊन लायसन्स देऊन आले, येताना काकूंसाठी ढोकळा घेऊन आले.

आम्हाला वाटलं, इंजिन आता विकणार. तर शनिवारी सकाळी माझ्या दारावर टकटक. "ईशान, इंजिन बसवायचे माउंट आलेत. उठतोस का? गॅरेजची भट्टी व्हायच्या आत."

उठलो.

आख्खा उन्हाळा गेला. इंजिन मोठं, जागा तेवढीच. आधी ते बसेना. बसलं तर पंखा रेडिएटरला घासायला लागला. तो काढून पुढच्या बाजूला इलेक्ट्रिक पंखा लावला, तर बॉनेट मिटेना. माझा धीर सुटायचा, काकांचा नाही. "पाइपलाइन अशीच असते," म्हणायचे. "एका ठिकाणी दाबली की दुसरीकडे फुगते." एकदा पान्हा त्यांच्या उजव्या हाताशीच पडला होता आणि ते शोधत होते. मी गुपचूप डावीकडे सरकवला. तर म्हणाले, "राहू दे तिथंच. घर माझं आहे, तिथल्या वस्तू मी शोधेन."

मध्येच रुपालीचा फोन. त्यांची मुलगी, लांब बॉथेलला असते. "ईशान, आय नो हिम. इंजिन लागलं की बाबा ड्राइव्ह करायला बघणार. प्रॉमिस मी. नॉट इव्हन अराउंड द ब्लॉक."

मी म्हटलं, प्रॉमिस. मनापासून म्हटलं रे.

मागच्या रविवारी ते चालू झालं. आवाज म्हणशील तर जवळजवळ नाहीच. नुसती गुरगुर, पायातून येणारी. काका बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. काकू बाहेर आल्या, ऐकलं आणि म्हणाल्या, "पूजा करायला हवी."

मी म्हटलं, "काकू, गाडी तर जुनीच आहे. पूजा कुणाची?"

"बायपास झालेल्या माणसाचा वाढदिवस करतो ना आपण? मग!"

हळद-कुंकू आलं. नारळ गाडीपुढे फोडायला काका नको म्हणाले, डाग पडला तर सोसायटीचं पत्र येईल म्हणून; तो मागच्या अंगणात फुटला. झाडाची लिंबं आणली, इथली, ही एवढी मोठी. चारही चाकांखाली एकेक. मी किल्ली घेऊन स्टिअरिंगकडे निघालो, तर काकू म्हणाल्या, "तू नाही. लिंबावरून पहिल्यांदा मालकाने न्यायची असते."

मी किल्ली मुठीत तशीच धरून ठेवली.

"इथंच रे, अंगणाच्या टोकाला, मेलबॉक्सपर्यंत. आणि तू बस शेजारी." काकांकडे न बघता म्हणाल्या.

काकांनी शर्टाच्या बाह्या खाली घेतल्या. बटणं लावली. मग बसले.

गाडीचं तोंड बाहेरच होतं, उजेड मिळावा म्हणून आम्ही उलटी ढकलून आत घातलेली. चारही लिंबं फुटली, फचक फचक. मला हसू आलं, काका पण हसले. मेलबॉक्स आला. गाडी थांबली. मी म्हटलं, "झालं काका. मस्त."

त्यांनी किल्लीला हात लावला नाही. समोर आमची गल्ली, रविवार सकाळची. पलीकडे ती भाजल्या मातीच्या रंगाची घरं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाय ब्रेकवर. त्यांनी डावीकडे बघितलं, नीट, वेळ घेऊन.

"डावीकडे मोकळं आहे," म्हणाले. "उजवीकडे कोणी येतंय का रे?"

मी बघितलं. देव, कोणी नव्हतं. गल्लीच्या टोकापर्यंत काळं कुत्रंसुद्धा नाही. 'नाही' म्हटलं असतं तर ब्रेकवरचा पाय उठला असता, मला कळत होतं ते.

मी म्हटलं, "येतेय, काका. गाडी येतेय."

"हं."

आम्ही थांबलो. इंजिन गुरगुरत होतं.

"कुठली आहे?"

"व्हॅन. पांढरी."

"हळू येतेय."

"हो. हळूच येतेय."

मागे आरशात काकू दिसत होत्या, आरतीचं ताट हातात तसंच. काकांनी नुसती मान वळवली असती तरी त्यांना दिसलं असतं सगळं. नाही वळवली. समोरच बघत राहिले. व्हॅन केव्हाच निघून जायला हवी होती, ती जाईना, आणि मला आता 'गेली' म्हणताही येईना.

मग त्यांनी गिअर पार्कमध्ये टाकला. "जाऊ दे तिला सावकाश," म्हणाले. "आपल्याला कुठे घाई आहे?"

इंजिन बंद केलं. किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली, आणि उतरताना दार इतकं हळू लावलं, की ते नीट लागलंच नाही.

तू सांग ना. रस्ता रिकामा, आणि ते तुला विचारतायत. तू काय म्हणाला असतास?