दहा ओळींची वही

सकाळी आत्या आरशासमोर केस घट्ट बांधत होती आणि भाची ओट्याशी दोन डबे भरत होती. दोघींना एकाच शाळेत जायचं होतं, पण एकत्र नाही. आत्या तिथली मार्गदर्शक शिक्षिका. भाची अध्यापक विद्यालयाची विद्यार्थिनी, सराव पाठांसाठी आलेली. रस्त्यात बरोबर दिसलं तर लोक वशिला म्हणतील, म्हणून आत्या नेहमी दहा मिनिटं आधी निघायची.

"आज हळूबाईच्या पाठाला निरीक्षक तू आहेस," आत्या पिन दातात धरून म्हणाली. "मागच्या वेळी आठ चुकांवरच थांबलीस. उरलेल्या दोन तुझ्या नावावर गेल्या."

निरीक्षण वहीत प्रत्येक पाठासाठी एक पान असे आणि त्यावर 'चुका' या शब्दाखाली एक ते दहा आकडे छापलेले. बरं काय झालं, ते लिहायला जागाच नाही. निरीक्षकाने दहाही ओळी भरायच्या आणि पाठ संपल्यावर मुलांसमोर वाचून दाखवायच्या. चुका कमी पडल्या, तर तेवढे गुण निरीक्षकाचे कापायचे. ही पद्धत कुणी काढली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शिस्त लागते म्हणून ती चालू होती, आणि शिस्त म्हटलं की आपल्याकडे पुढचं कुणी विचारत नाही.

हळूबाई भाचीच्या वर्गात सगळ्यांत मोठ्या. बारा वर्षं घरी शिलाई केल्यावर शिकायला आलेल्या, बोलायला संथ, म्हणून हे नाव. एका पाठात त्या आधीच नापास झाल्या होत्या. आता दोन उरले होते आणि त्यातला एक तरी पास झाला नाही तर नाव कमी होणार होतं. त्यांनी पाचवीला अपूर्णांक शिकवला. प्रत्येक मुलाला कागद दिला, अर्धा दुमडायला लावला, मग पाव, मग पावाचा अर्धा. चाळीस मुलं मान खाली घालून घड्या घालत होती. एक मुलगी आपणहून म्हणाली, "बाई, तुकडे वाढतात पण तुकडा लहान होतो." हळूबाईंचा चेहरा फुलला.

भाचीला तीन चुका सापडल्या. फळ्याकडे तोंड करून बोलल्या, मागच्या बाकांना विचारलं नाही, उजळणी राहिली. मग आत्या मागून आली आणि रिकाम्या ओळींवर बोट आपटून गेली. भाचीने उरलेल्या सात ओळी भरल्या आणि उभी राहून वाचल्या. आवाज कापतो. आवंढा गिळतात. खडू फार घट्ट धरतात. 'बरं का' फार म्हणतात. बूट वाजतात. चेहरा थकलेला दिसतो. बाहीची शिवण उसवली आहे.

शेवटच्या ओळीला मुलं खदखदून हसली. शिलाई करणाऱ्या हळूबाईंनी तो हात पाठीमागे लपवला. पाठ नापास झाला.

दोन दिवस त्या आल्या नाहीत. भाची त्यांच्या घरी गेली, तेव्हा त्या शिलाई मशीनजवळ उभ्या राहून भिंतीला शिकवत होत्या, अगदी हळू आवाजात.

"ताई, शुक्रवारचा पाठ चुकवू नका."

"येणार आहे गं. तुझ्या पहिल्या तीन चुका पटल्या, त्या सुधारल्या. पण उरलेल्या सात सुधारता सुधारत नाहीत. आवंढा गिळायचा नाही म्हटलं की जास्तच येतो. तू ते कसं टाळतेस?"

भाचीला तिथेच सांगता आलं असतं. तिने सांगितलं नाही. लाज वाटली, आणि स्वतःचे गुणही आठवले. त्या संध्याकाळी ती आत्याशी भांडली.

"सात चुका मी ओढूनताणून लिहिल्या, आत्या. तुला माहीत होतं."

"मग? आम्हाला काय फुलं वाहिली होती? माझी सातवी चूक होती, हसताना दात दिसतात. तीस वर्षं झाली, वर्गात हसले नाही. काही बिघडलं माझं?"

भाचीला पहिल्यांदाच आत्याची कीव आली आणि त्याहून जास्त राग आला.

शुक्रवारी हळूबाई मऊ चपला घालून, नवी शिवण मारून आल्या. खडू इतका सैल धरला की दोनदा पडला. 'बरं का' तोंडात आलं की त्या वाक्यच सोडून देत. घसा कोरडा पडला तरी आवंढा गिळेनात. छेदाच्या जागी अंश लिहिला, पुसला, पुन्हा तोच लिहिला. मुलं आधी कुजबुजली, मग चक्क गप्पा मारू लागली. कागद टेबलावर तसेच राहिले.

"निरीक्षक, वाचा," आत्या म्हणाली.

भाची उभी राहिली. वही कोरी होती.

"बाई, आज दहा सहज मिळाल्या असत्या. पण या चुका यांच्या नाहीत, माझ्या आहेत." ती मुलांकडे वळली. तिचाही आवाज कापत होता. "मंगळवारी मी वाचलेल्या सात गोष्टी चुका नव्हत्या. मला ओळी भरायच्या होत्या. यांनी ते खरं मानलं आणि आज ते टाळण्याच्या नादात यांचं शिकवणं गेलं. ताई, मला माफ करा. तुम्ही मंगळवारी फार चांगलं शिकवलंत."

"खाली बसा. कोऱ्या पानाला शून्य," आत्या म्हणाली. "आणि हा पाठ नापास."

"बसते. पण आजपासून ही वही मी भरणार नाही."

हळूबाईंनी खडू टेबलावर ठेवला. "हे तू मला घरी सांगायला हवं होतंस," एवढंच म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघून गेल्या. भाची मागे धावली नाही. तेवढा हक्क आपल्याला उरला नाही, हे तिला कळलं होतं. दुपारी तिने वही बंद करण्याचा अर्ज लिहिला आणि वर्गातल्या अठ्ठावीस जणींपुढे फिरवला. सगळ्यांनी वाचला. 'बरोबर आहे गं' असंही म्हणाल्या. सही एकीनेही केली नाही.

भाची एकटीच्या सहीचा अर्ज घेऊन मुख्याध्यापकांकडे गेली, त्याच आठवड्यात आत्याच्या घरातून बाहेर पडली आणि वही न भरल्यामुळे एक वर्ष मागे राहिली. त्या अठ्ठावीस जणी मात्र चांगल्या गुणांनी पास झाल्या. आज त्या शिक्षिका आहेत. दिसलेलं चांगलं न लिहिता दहा चुका काढायच्या, याचा त्यांना दोन वर्षं भरपूर सराव झालेला आहे, आणि आता त्यांच्यासमोर तुमची मुलं बसतात.